सूर्याला आणायला गेलो त्याची हकिगत

मिरजोळे, ता. रत्नागिरी
कार्तिक वद्य तृतीया, १९ नोव्हेंबर १९८६

तीर्थस्वरूप सौ. गंगाआक्का हिच्या पायांशी,

धाकट्या मोरूचा नमस्कार पोचावा. साष्टांगच घालणार होतो, पण चार दिवस झाले कंबर धरली आहे, तेव्हा उभ्यानेच जमेल तेवढा वाकलो आहे असं समजून घे. (कंबर का धरली ते पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा मोतीबिंदू पिकला का? पिकल्याशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत म्हणतात, म्हणजे हापूसचाच कायदा आहे. त्यांना म्हणावं, आढीत बसल्यासारखे स्वस्थ बसा. आम्ही इकडे सुखरूप. तुळशीचं लग्न लागलं, थंडी जरा पडली आहे, आणि हौसा तुझी आठवण काढते. (चांगल्या अर्थाने.)

तुझं पत्र परवा मिळालं. पत्र कसलं, समन्सच ते. वाचताना मी कारखान्याच्या फाटकावर ड्यूटीवर होतो, तर आपोआप स्टुलावरून उठून उभा राहिलो. पूर्णगडचा बाबल्या सुकटीचं गाठोडं घेऊन मुंबईला आला, तुझ्याकडे चहाला बसला, आणि चहात बटर बुडवावं तशी माझी अब्रू बुडवून खाऊन गेला, हे मला कळलं. मी अर्ध्या चड्डीवर, डोक्यावर केळ्यांचा घड घेऊन पूर्णगडच्या खाडीत उभा होतो. मी भाडेकरणीच्या पाया पडलो, आणि ती बावीस वर्षांची आहे. हौसाने दीड दिवस पाण्याचा थेंब घेतला नाही. आमच्यापायी धाकूच्या घरात तीन दिवस मासळी शिजली नाही. आणि मी धर्म सोडला. आक्का, यातलं धर्माचं तेवढं खोटं आहे. बाकी सगळं खरं आहे, हीच अडचण आहे. पण बाबल्या सांगतो तसं ते झालेलं नाही. तो त्या दिवशी बंदरावर उभा होता आणि अर्धा वेळ त्याचं लक्ष तळलेल्या बांगड्यात होतं. (बांगड्याचंही पुढे येईल.) तेव्हा तू भाऊजींचा चष्मा लाव, पाय वर घेऊन बस, आणि मी सांगतो ते पहिल्यापासून ऐक.

आमच्या पडवीच्या खोलीत दीड वर्ष झालं, रामसकल नावाचा बिहारकडचा, छपरा जिल्ह्याचा माणूस राहतो. इथल्या वसाहतीत ओतकामाच्या भट्टीवर कामाला आहे. बायको फुलमती. दोघं गरीब स्वभावाची. बोलण्याचं म्हणशील तर रामसकल हिंदी बोलतो आणि त्यात मधेमधे 'काय म्हणता' असं मीठ घालतो. फुलमतीला तिच्या गावची बोली सोडून काही येत नाही आणि हौसाला पूर्णगडची सोडून. पण दोघींचं दिवसभर चालू असतं. दोघींचाही समज असा की आपली भाषा समोरच्याला कळली नाही तर ती मोठ्याने बोलावी. मी एकदा मध्ये दुभाषा म्हणून गेलो, तर दोघींनी आपापल्या भाषेत मला गप्प बसवलं, आणि ते मात्र मला दोन्ही भाषांतलं कळलं.

तर दिवाळी झाली, भाऊबीज झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फुलमती विहिरीवर कळशी ठेवून रडताना हौसाला दिसली. हौसाने विचारलं, तिने सांगितलं, हौसाला काही कळलं नाही, आणि हौसाही रडायला लागली. मग रामसकलला उठवलं. (रात्रपाळी करून बिचारा नुकता पडला होता.) तेव्हा उलगडा झाला. त्यांच्याकडे दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ म्हणून सूर्याचं व्रत असतं. आपल्या रथसप्तमीसारखंच समज, पण आपण तुळशीपुढे गोवऱ्या पेटवून दूध उतू घालवतो आणि मोकळे होतो. त्यांचं तसं नाही. पहिल्या दिवशी आंघोळ करून दुध्याची भाजी आणि भात. दुसऱ्या दिवशी दिवसभर उपास आणि संध्याकाळी गुळाची खीर. ती खीर खाल्ली की दीड दिवस अन्न नाही, पाणी नाही. तिसऱ्या दिवशी मावळत्या सूर्याला पाण्यात उभं राहून अर्घ्य द्यायचं आणि चौथ्या दिवशी उगवत्याला. भटजी लागत नाही, मंत्र लागत नाही. बाई आणि सूर्य, मधे कोणी नाही. हे व्रत रामसकलची आई तीस वर्षं करत होती. तिच्याने आता पाण्यात उभं राहवत नाही (तुझ्यासारखेच गुडघे), म्हणून गेल्या वर्षी तिने आपलं सूप सुनेच्या हाती दिलं. एकदा घेतलं की दरवर्षी करायचं, पुढच्या सुनेला देईपर्यंत. आणि फुलमतीच्या हातात सूप आल्यावरचं हे पहिलंच वर्ष, रामसकलला गावी जायला रजा नाही, आणि इथे नदी कुठली, गंगा कुठली. म्हातारी तिकडे बाजेवर बसून वाट बघत असेल, सूनबाईने पाण्यात पाऊल ठेवलं की नाही. रडेल नाही तर काय करेल?

रामसकल मला म्हणाला, "भैया, ऐसा पानी बताइए जहाँ सूरज डूबे भी और निकले भी."

मी हसलो. म्हटलं, अरे, रत्नागिरीत पाण्याची काय कमी? समोर दर्या आहे. पेटवलेल्या परातीसारखा सूर्य त्यात रोज संध्याकाळी बुडतो, लोक लांबून बघायला येतात. त्याला सायकलवर डबलसीट घालून किनाऱ्यावर नेला. तो बघून खूश झाला. मग दर्याकडे तोंड करून हात जोडले आणि विचारलं, "और सबेरे किधर से निकलता है?" मी मागे बोट दाखवलं. मागे माडाची झाडं, त्यामागे डोंगर, डोंगरावर कोणाचा तरी पत्र्याचा गोठा. आक्का, चाळीस वर्षांच्या वर मी या किनाऱ्यावर काढली, पण आपला सूर्य पाण्यात मावळतो आणि गोठ्यामागून उगवतो हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. तिकडे म्हणे गंगा अशी आडवी वाहते की नुसतं वळून उभं राहिलं की दोन्ही होतं. आपल्या देवाने कोकण करताना एका बाजूची सोय बघितली आणि जेवायला उठला.

घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलं की जमणार नाही. तेव्हा चुलीपुढून हौसा म्हणाली, "आपल्या खाडीत जमेल की. पूर्णगडला. मुखावरच्या वाळूच्या पुळणीवर उभा राह्यला तर हिकडं दर्या नि तिकडं खाडी."

आणि मला खोकला आला.

(या खोकल्याबद्दलही पुढे लिहितो. ते लिहायचं म्हणूनच पत्राला दोन दिवस उशीर झाला.)

मग सामानाची धावपळ. सूप मिळालं, सामान डोक्यावरून न्यायला हारा म्हणजे मोठी टोपली मिळाली, नारळ मिळाले, हळदीची आणि आल्याची पानांसकट रोपं धाकूच्या बायकोने, कमळाने द्यायचं कबूल केलं. पण फुलमतीला एक फळ हवं होतं. ती दोन्ही हातांनी डोक्याएवढा गोल करून दाखवी. मी कलिंगड आणलं, मान हलवली. कोहळा आणला, तोंडाला पदर लावून हसली. फणस या दिवसांत असता तर तोही आणला असता. शेवटी तिने लिंबू हातात घेतलं आणि ते फुगत फुगत मोठं झाल्याची नक्कल केली, तेव्हा हौसा ओरडली, "अगो बाये, पपनस!" पूर्णगडात पपनसाचं झाड एकच, सोनूबाईच्या परसात. ती मासळी विकणारी सोनूबाई, जिने जन्मात कोणाला काही फुकट दिलं नाही आणि कोणाकडे काही मागितलंही नाही. पण ते पुढचं पुढे. ऊस मात्र रत्नागिरीत रसाच्या गाडीवाल्याकडून पाच घेतले, अख्खे, शेंड्याच्या पानांसकट. ते एसटीत आडवे मावेनात, उभे राहिनात. कंडक्टर म्हणाला, यांना खिडकीची जागा द्या आणि तुम्ही उभे राहा. पाच ऊस खिडकीतून बाहेर डोकं काढून पावसमार्गे पूर्णगडला गेले आणि आम्ही चौघं त्यांचे पाय धरून बसलो.

धाकू आपला चुलतभाऊ असला तरी त्या तीन दिवसांत त्याने माझ्याशी सख्ख्यासारखं भांडण केलं. कारण हौसाने त्याच्या घरात पाय ठेवल्याबरोबर जाहीर केलं की व्रत होईपर्यंत या घरात मासळी येणार नाही, शिजणार नाही आणि कोणी खाऊन आत येणार नाही. आक्का, ज्या घरात बाळाच्या बारशालाही सुरमई येते त्या घरात! कमळाने अंगणात नवी मातीची चूल घालून दिली, आंब्याच्या लाकडांवर फुलमतीने गव्हाच्या पिठाचे गूळ घातलेले जाड जाड खमंग ठेकुए तळले, वास सगळ्या वाडीत गेला, आणि वाडीतली माणसं एक एक करून कुंपणाशी येऊन उभी राहिली. सोनूबाईही आली. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मावळत्या सूर्याला कोण नमस्कार करता गो? दिवा लावायच्या वेळेस असला काय काढलंस?" हौसाने फक्त सांगितलं की हिची सासू लांब आहे, हिला पपनस लागतं, नाहीतर सूप अपुरं राहील. सोनूबाई तशीच पाठ फिरवून गेली. मी म्हटलं, आटोपलं. पाव तासाने दोन पपनसं घेऊन आली. वर म्हणाली, "फुकटची नव्हत. ती नीट वापरतंय का ते बघायला मी येणार हाय."

सहाव्या दिवशी संध्याकाळी धाकूने होडी काढली. रामसकलला तेवढी संध्याकाळपर्यंतची रजा मिळाली होती. तो पिवळं धोतर नेसून, हारा डोक्यावर घेऊन, पाण्याला दचकत दचकत होडीत बसला. हारा घरच्या पुरुषाने डोक्यावर न्यायचा असतो, खाली ठेवायचा नाही. फुलमती, हौसा, कमळा, आणि आपली पपनसं राखायला सोनूबाई. मी बंदरावर थांबलो. मफलर गुंडाळून, डॉक्टरने खारी हवा वर्ज्य सांगितली आहे असं बाबल्याला सांगत. लांबून बघितलं. उधाण नव्हतं, भांगाचं पाणी होतं, संथ. फुलमती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली, नाकापासून भांगापर्यंत शेंदराची रेघ, हातात भरलेलं सूप, आणि ते सूप सूर्यापुढे धरून ती जागच्या जागी हळूहळू फिरली. सूर्य तांबडा झाला, चपटा झाला, बुडाला. मग होडीतून बायकांच्या गाण्याचा आवाज आला. फुलमती तिच्या भाषेत म्हणत होती आणि आपल्या बायका शब्द न कळता पाठीमागून सूर धरत होत्या.

परत आल्यावर मी रामसकलला विचारलं की बाबा, जग उगवत्याला हात जोडतं, तुम्ही मावळत्यापासून का सुरुवात करता? तो सांगणार तेवढ्यात हौसाच म्हणाली, "पाव्हणा जायाला निघाला की आपण त्याला स्टँडपर्यंत पोचवायला जात नाय? नि येणार असला की आणायला? तसाच हाय ह्या. त्यात न कळण्यासारखा काय?" रामसकल म्हणाला, "हाँ, भाभी, यही बात." त्याच्या तोंडावरून दिसत होतं की त्याला काहीतरी मोठं सांगायचं होतं, पण याच्यापुढे ते राहून गेलं. मग तो शेवटची एसटी पकडून रात्रपाळीला परत गेला. हौसा त्याला स्टँडपर्यंत पोचवून आली.

आता खरी गोष्ट. सकाळी हारा कोण नेणार हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी धरून चाललो होतो की धाकू. पण पहाटे धाकू होडीशी आला तेव्हा हौसाने त्याच्या जवळ जाऊन वास घेतला. आदल्या रात्री बाबल्याच्या ओटीवर त्याने आणि बाबल्याने सहा बांगडे तळून खाल्ले होते. सहा! हौसाने त्याला वल्ह्याशी बसवलं, हाऱ्याला हात लावू दिला नाही. वाडीतला दुसरा कोणी पुरुष तपासायची सोयच नव्हती. तीन दिवस मासळी न खाल्लेला पूर्णगडात पुरुष एकच होता, कारण त्याच्यावर त्याच्या बायकोचा पहारा होता. फुलमतीने माझ्यापुढे नवं कोरं पिवळं धोतर धरलं आणि म्हणाली, "भैया." एवढंच.

आक्का, खोकल्याचं खोटं होतं. चार वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमेनंतर मुखावर आपली होडी उलटली, ते तुला ठाऊक आहे. सगळे वाचले, मी तीन तास वल्हं धरून तरंगत होतो आणि शेवटी मलाही काढलं, हेही ठाऊक आहे. पण त्या दिवसापासून पाण्याजवळ गेलो की मी नजर फिरवतो, हे हौसाशिवाय कोणाला ठाऊक नाही. विहिरीवर मी आत बघत नाही. दर्यावर्दी बापाचा मुलगा पाण्याला भितो, हे कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून खोकला काढला, डॉक्टर काढला, मिरजोळ्याची वॉचमनची नोकरी काढली. तू चार वर्षं न चुकता अडुळशाचा काढा पाठवतेस, तो मी रामसकलला देतो. त्याला भट्टीच्या धुराने खरा खोकला आहे, आणि त्याला चांगला गुण आला आहे. तेव्हा काढा पाठवणं बंद करू नकोस.

होडीत मी बरोबर मधोमध बसलो, एका हाताने डोक्यावरचा हारा धरून आणि दुसऱ्या हाताने होडी धरून. (होडीला धरल्याने काय होणार होतं ते विचारू नकोस.) पुळणीवर उतरलो तेव्हा झुंजुमुंजू झालं होतं. फुलमती पूर्वेला तोंड करून खाडीत उतरली आणि तिच्या मागोमाग हौसाही. सूर्योदय पंचांगात पावणेसातचा होता, पण पंचांगवाल्याने पलीकडचा डोंगर धरला नव्हता. आम्ही वाट बघत राहिलो. गार पाणी, वारा. फुलमती सूप धरून उभीच होती. हौसा तिला पाठीशी धरून होती आणि हौसाचे ओठ मला पांढरे फटक दिसले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की जी बाई दिवसाला चार वेळा चहा पिते तिने परवा संध्याकाळच्या खिरीनंतर कपाला हात लावला नव्हता. मी समजत होतो की धाकूकडची साखर संपली.

मी पुळणीवरून ओरडलो, "हौसा, तू पाणी प्यायलीस काय?"

"नाय."

"का?"

"बोलले हाय सूर्याला."

"काय बोललीस?"

"तुम्ही पाण्यात आलात की सांगेन."

सोनूबाई, कमळा, होडीतला धाकू, सगळे माझ्याकडे बघायला लागले. डोंगराच्या कडेला तांबडं फुटलं. फुलमतीने मागे न बघता हात मागे केला. फळं हवी होती, केळ्यांचा घड हवा होता, आणि अर्घ्याचं दूध माझ्याजवळच्या तांब्यात. हारा खाली ठेवायचा नाही आणि बायका तर पाण्यात. माझे पाय वाळूत असे रुतले जसे कोणी ओतकाम करून बसवलेत. मनात म्हटलं, मोरू, एका बाईने पुढची सगळी वर्षं अंगावर घेतली, दुसरीने तुझ्यापायी पाणी सोडलं, आणि तू हारा घेऊन कोरडा उभा आहेस. आणि मी गेलो. थेट छातीपर्यंत गेलो, आक्का. छातीपर्यंत! दुसऱ्याच पावलाला धोतर सुटलं, (नवं कोरं, गाठ धरेना,) आणि खाली माझी ड्यूटीची खाकी अर्धी चड्डी होती, ती थंडीसाठी घातली होती. केळ्यांचा घड हाऱ्यातून घसरला तो मी वरच्यावर डोक्याने धरला. हे जे दृश्य बाबल्याने बंदरावरून बघितलं, ते हे. धोतर ओहोटीबरोबर दर्याला मिळालं.

तेवढ्यात सूर्य आला. डोंगराच्या खांद्यावरून एकदम आला आणि खाडीच्या पाण्यावरून सरळ आमच्यापर्यंत. फुलमतीने सूप वर उचललं, मी सुपाच्या कडेवरून दूध सोडलं, हौसाने हात जोडले. मी सूर्याकडे बघितलं, आणि चार वर्षांत पहिल्यांदा पाण्याकडेही बघितलं. पाणी होतं तसंच होतं. त्याचा माझ्यावर काही राग दिसला नाही.

वर आल्यावर फुलमतीने आल्याचा तुकडा आणि गुळाचं पाणी घेऊन उपास सोडला आणि दुसरी वाटी हौसाला दिली. मग मी तिच्या पाया पडलो. त्यांच्यात व्रत केलेल्या बाईच्या पाया वय न बघता सगळे पडतात. बावीस काय आणि बासष्ट काय! माझ्या मागून कमळा पडली, धाकू लांबूनच (बांगड्यांमुळे) पडला. आणि प्रसाद त्यांच्यात मागून घ्यायचा असतो, पदर पसरून. हे हौसाने सांगितल्यावर कोणी पुढे होईना. मग सोनूबाई उठली. तिने आयुष्यात पहिल्यांदा कोणापुढे पदर पसरला आणि म्हणाली, "दे गो बाये, मला दे." तिला ठेकुआ मिळाला आणि तिच्याच पपनसाची फोड मिळाली. ती खाताना डोळे पुसत म्हणाली की तिखट लागलं. पपनस कधी तिखट असतं का?

तोवर इकडे ओहोटी लागून होडी वाळूत बसली. धाकू बोटीवरचा जुना माणूस, पण सूर्य बघत राहिला आणि पाणी बघायचं विसरला. आता दुपारच्या भरतीपर्यंत ती हलणार नव्हती. शेवटी वाडीतलीच माणसं ठेकुए संपायच्या आत म्हणून चालत पुळणीवर आली, आणि आम्ही त्यांच्याबरोबर खाडी उतरून चालत परत गेलो. मी हौसाचा हात धरला होता. बाबल्या सांगेल की तिने माझा धरला होता. अर्ध्या वाटेत तिला विचारलं की सूर्याला काय बोलली होतीस? म्हणाली, "आता कशाला? झाला ना." आणि तिथेच, गुडघाभर पाण्यात, तिने मला शिंक आली म्हणून झापलं.

असं आहे सगळं. धर्म आहे तिथेच आहे. फुलमतीच्या सासूला सूप पोचल्याचं, म्हणजे पाण्यात उभं राहिल्याचं पत्र रामसकलने त्याच दिवशी टाकलं. गेल्या आठवड्यात धाकूबरोबर मी खाडीत दोनदा गळ टाकायला गेलो. पहिल्या दिवशी काही मिळालं नाही, दुसऱ्या दिवशी कंबर धरली. पण तिसऱ्यांदा जाणार आहे. तू रागावू नकोस, आणि रागवायचंच असेल तर बाबल्याने तुझ्याकडे किती बटर खाल्ले ते आठवून रागव. भाऊजींना नमस्कार.

तुझा आज्ञाधारक (यापुढे),
मोरू

ता. क. : एवढं लांबण लावलं ते एका कारणासाठी. धाकूला होडीवर भागीदार हवा आहे आणि तो मला विचारतो आहे. पूर्णगडचं आपलं घर चार वर्षं बंद आहे आणि त्याची किल्ली तुझ्याकडे आहे. ती पाठवशील का? नोकरी लगेच सोडत नाही, शिमग्यापर्यंत बघतो. मिरजोळ्याचं घर रामसकल सांभाळेल.

आणखी ता. क. : किल्लीची घाई नाही. त्या दिवशी दुपारी धाकूचं घर वाडीतल्या माणसांनी भरलं होतं, ओल्या कपड्यांनी जायला जागा नव्हती, आणि अकराच्या गाडीने रामसकल आला होता. लोखंडातला माणूस. त्याने एका दणक्यात कुलूप काढलं. कौलं दोन-चार गेली आहेत, बाकी घर ठीक आहे. नवं कुलूप घातलं, त्याची एक किल्ली तुझ्यासाठी या पाकिटात ठेवतो आहे. पण तू जुनी पाठवच. म्हणजे तू हो म्हणालीस असं होईल.

(खालच्या ओळी हौसाच्या हातच्या. मला वाचू दिल्या नाहीत.)

आक्का, नमस्कार. यांनी लिहिलेलं सगळं मी वाचून घेतलं. पाण्यात छातीपर्यंत गेले असं लिहिलंय. गुडघ्याच्या वर चार बोटं. तेही डोळे मिटून आणि माझ्या नावाने ओरडत. पण गेले.